धागा: गोव्यातले चिऱ्याचे जुने घर, आत राहूनच पूर्ण दुरुस्ती – क्रम, मापे आणि नेमके कुठे बिघडते

चिरेबंदी
जुन्या घराच्या दुरुस्तीचे प्रश्न इथे सुटे-सुटे येत राहतात. म्हणून एकच नमुना समोर ठेवून बोलूया. घर १२ मीटर × ८ मीटर. ४५ सेंटीमीटरच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, मातीत बांधलेल्या. वर मंगळुरी कौले. पडवी, सोपा, मधले घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणीघर आणि एकच संडास. परसात विहीर. घरात पाच माणसे, त्यांत एक ऐंशीच्या घरातली. छप्पर, वायरिंग, नळ, गिलावा, फरशी, रंग असे सगळेच काढायचे आहे आणि राहायचेही इथेच.

माझे पहिले म्हणणे असे की ठेकेदार कामाचे तुकडे कारागिरांप्रमाणे पाडतो, म्हणजे आधी सगळ्या घराचे वायरिंग, मग सगळ्या घराचा गिलावा. रिकाम्या घराला ते ठीक. राहत्या घरात त्यामुळे सगळ्या खोल्या एकदम उघड्या पडतात आणि चार महिने कुठेच धड झोपता येत नाही. तुकडे घराचे पाडा. पूर्वेकडचे अर्धे पूर्ण होऊन आत राहायला गेल्याशिवाय पश्चिमेकडच्या अर्ध्याला हात लावू द्यायचा नाही. गवंडी दोनदा बोलवावा लागतो, मजुरी थोडी चढते, पण ती सोसावी.

याला अपवाद फक्त छपराचा. ते सलग होते आणि सगळ्यांत आधी होते.

कौलारू_४०३
छपराचे आकडे देतो, म्हणजे अंदाज येईल. चारी बाजूंनी पाऊण मीटर वळचण धरली तर आडवे क्षेत्र १३.५ × ९.५, म्हणजे सुमारे १२८ चौरस मीटर. उतार ३० अंशांचा असेल तर छपराचे खरे क्षेत्र १४८ चौरस मीटरच्या आसपास. चौरस मीटरला साधारण १५ कौले, म्हणून २,२२० कौले. फुटीसाठी दहा टक्के वर धरून २,४५० मागवा. रिपांमधले अंतर साधारण ३२ सेंटीमीटर, म्हणजे रीप ४६० मीटरच्या पुढे. पण रीप ठोकण्याआधी हातात असलेल्या चार-पाच कौलांची ओळ जमिनीवर लावून अंतर मोजा. कारखान्यागणिक सेंटीमीटरभर फरक असतो आणि तो फरक पंधराव्या ओळीला पंधरा सेंटीमीटर होतो.

जुनी चांगली कौले टाकू नका. बोटाच्या पेराने वाजवायचे. खणखणीत वाजले तर ठेवा, बद्द वाजले तर केस-तडा आहे. मात्र जुनी आणि नवी एका उतारावर मिसळू नका. खाचा एकमेकींत बसत नाहीत आणि पाणी बरोबर त्या सांध्यातून उतरते. सगळी जुनी मागच्या उतारावर आणि सगळी नवी पुढच्या उतारावर. दिसायलाही बरे.

आता राहत्या घरासाठी महत्त्वाचे. एका दिवसात जेवढे परत झाकता येईल तेवढेच उघडा. आढ्यापासून वळचणीपर्यंत दीड-दोन मीटर रुंदीचा उभा पट्टा, आणि तो दोन्ही उतारांवर एकाच वेळी. एकाच बाजूची कौले उतरवली की भार एकीकडचाच उरतो, आढे ढकलले जाते आणि मातीत बांधलेल्या भिंतीचा माथा बाहेर सरकतो. चौरस मीटरला ४०-४५ किलो धरले तरी सगळ्या छपराचे वजन सहा-साडेसहा टनांच्या आसपास जाते. कौल ओले असले तर त्याहून जास्त.

ताडपत्री नुसती उघड्या पट्ट्यावर टाकून चालत नाही. ती आढ्यावरून पलीकडच्या उतारावर किमान मीटरभर गेली पाहिजे, नाहीतर वरून आलेले पाणी तिच्याखाली शिरते.

साखळीची_सून
ताडपत्री बांधायची दोरी वाशांना. रिपांना बांधलेली दोरी पहिल्याच वाऱ्याला रीप घेऊन जाते.

ओल_आणि_चुना
कौलारूंच्या मुद्द्याला जोडून. चिऱ्याच्या भिंतीचा खरा शत्रू बाजूने येणारा पाऊस नसतो, माथ्यातून आत उतरणारे पाणी असते. मातीचा सांधा वरून भिजला की विरघळतो, बाहेरून काही दिसत नाही आणि महिन्याभराने भिंतीला पोट येते. छप्पर काढले त्या दिवशी भिंतीचा माथा चुन्याच्या नाहीतर सिमेंटच्या पातळ थराने बंद करून घ्या. मग वर ताडपत्री असो वा नसो.

गिलाव्याचे सांगतो, कारण इथेच सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात. मातीत बांधलेल्या चिऱ्यावर १:४ चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) कडक सिमेंट गिलावा मारला की भिंत आतली ओल बाहेर सोडू शकत नाही. जोत्यातून वर चढणारी ओल आधी दोन फुटांवर थांबायची ती चार फुटांवर जाते, आणि तिसऱ्या पावसाळ्यात गिलावा पापड होऊन सुटतो. आत कमीत कमी खालचे मीटरभर तरी चुन्याचा गिलावा करा: एक भाग भिजवून मुरवलेला चुना, तीन भाग धुतलेली वाळू. चुना निदान पंधरा दिवस पाण्याखाली मुरलेला हवा, नाहीतर न विझलेले खडे नंतर गिलाव्यात फुगून फोड येतात. एका वेळी १० मिलिमीटरपेक्षा जाड थर नको, दोन थरांत पाच-सात दिवसांचे अंतर हवे. गोव्यात पूर्वी शिंपल्यांचा चुना भाजत, तो आता सहज मिळत नाही. चांगला दगडी चुना चालतो. चुना कालवणाऱ्याला चश्मा द्या. डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचा आणि थेट डॉक्टरकडे.

सिमेंटचाच हट्ट असेल तर १:६, जाडी १२ ते १५ मिलिमीटर. आधी सांधे खरवडून साफ करा, भिंत आदल्या दिवशी भिजवा आणि पातळ सिमेंटचा फटकारा मारून तो खरखरीत वाळू द्या. चिरा स्पंजासारखा आहे. कोरड्या चिऱ्यावर मारलेल्या गिलाव्यातले पाणी तो दहा मिनिटांत शोषतो आणि सिमेंट नुसतीच पूड राहते.

चिरेबंदी
चुन्याला वेळ दुप्पट लागतो, हेही लिहा. राहत्या घरात वेळ म्हणजे एक खोली कमी.

ओल_आणि_चुना
लागतो. म्हणूनच म्हटले, खालचे मीटरभर. वरच्या भागाला १:६ चालवून घ्या. दोन गिलावे मिळतात तिथे आडवी खाच ठेवली तर मधली केसासारखी भेग दिसत नाही. पूर्ण भिंत चुन्याचीच हवी असे माझे मत आहे, पण घरात पाच माणसे असताना ते रेटण्यात अर्थ नाही.

फेज_न्यूट्रल
विजेचे काम राहत्या घरात सगळ्यांत धोक्याचे. कारण अर्धे घर चालू आणि अर्धे उघडे असते. पहिल्या दिवशीच, भिंतीला हात लावायच्या आधी, मीटरनंतर दोन वेगळ्या शाखा करा. एक राहत्या भागाची, एक कामाची. दोन्हींवर स्वतंत्र ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की लगेच शाखा तोडणारा स्विच. दोन शाखांचे न्यूट्रल कुठेही जोडले जाऊ देऊ नका, नाहीतर आरसीसीबी विनाकारण पडत राहते आणि वैतागून कोणीतरी ती काढूनच टाकतो. कटर आणि ड्रिल कामाच्या शाखेवर. वेल्डिंग घरच्या सिंगल फेजवर नको. दिवे मंद होतात, फ्रीजचा कॉम्प्रेसर कुंथतो. वासे लोखंडी घेणार असाल तर ते बाहेरून जोडून आणा.

इन्व्हर्टर. याबद्दल कोणी सांगत नाही. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरच्या शाखा जिवंत असतात. वायरसाठी भिंतीत झिरी (खाच) मारणाऱ्याचा कटर त्याच वायरवर जातो. काम चालू असेपर्यंत इन्व्हर्टरची आउटपुट वायर बोर्डातून सोडवून ठेवा. बटण बंद केले म्हणजे सुटली असे नाही.

वायरची मापे: दिवे-पंखे १.५ चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरचे प्लग २.५, गिझर आणि एसी ४. कौलारू घरात वाशांवरून वायर नेताना खिळ्यांच्या पट्ट्या नकोत, पीव्हीसी नळीतून न्या, नाहीतर उंदीर कुरतडतात.

झिऱ्या: मातीतल्या चिऱ्याला छिन्नी-हातोड्याने झिरी मारली की आजूबाजूचे सांधे सुटतात. दोन समांतर रेषा कटरने कापा, मधला भाग हलक्या हाताने काढा. झिरी उभीच मारा, आडवी टाळा. खरे तर जुन्या भिंतीवर नळी बाहेरून नेणेच उत्तम. नीट ओळंब्यात लावली तर वाईट दिसत नाही, आणि आठवडाभराची धूळ वाचते.

अर्थिंग एप्रिल-मेमध्ये मोजा. आपली तांबडी जांभ्याची जमीन सुकली की वीज धड वाहून नेत नाही. पावसात घेतलेले माप फसवे असते.

माड_आणि_मी
धुळीबद्दल एक. शहरी सल्ला असतो की दाराला प्लॅस्टिक लावा. आपल्या जुन्या घरांत आतल्या भिंती छपरापर्यंत जातच नाहीत, वर सगळे मोकळे असते. दाराला कितीही प्लॅस्टिक लावले तरी धूळ वरून येते. २०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद भिंतीच्या माथ्यापासून थेट वाशांपर्यंत ताणावा लागतो, कडेला लाकडी पट्टी ठोकून. चिकटपट्टी धुळीच्या चिऱ्यावर दोन तासही टिकत नाही.

कामाच्या खोलीच्या खिडकीत बाहेर फेकणारा पंखा लावा. हवा राहत्या बाजूकडून कामाच्या बाजूला ओढली गेली पाहिजे. उलट झाली तर प्लॅस्टिक फुगून दिसतेच. उंबऱ्यावर ओले गोणपाट ठेवा, दिवसातून दोनदा पिळून. झाडू कोरडा मारायचा नाही, आधी पाणी शिंपडा.

जुना तैलरंग खिडक्या-दारांवर असेल तर तो कोरडा घासू नका. ९० पीपीएमची शिशाची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. ओल्या कागदाने घासा, खाली प्लॅस्टिक अंथरा, आणि लहान मूल असेल तर त्या दिवसांत ते मामाकडेच बरे. न्हाणीवर किंवा गोठ्यावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते हातोड्याने फोडायचे नाहीत. त्यांत ॲस्बेस्टॉस असते. ओले करून, बोल्ट कापून, अख्खे उतरवा.

न्हाणीघर_वाले
एकच संडास आहे, मग बाकी चर्चा नंतर. परसात दुसरा बांधा, आधी. १.२ × १ मीटरचा पुरतो, सेप्टिक टाकीला १:६० उताराने ११० मिलिमीटरची नळी. तो पुढे कामगारांनाही उपयोगी पडतो आणि चवथीला पाहुणे आल्यावरही.

ठेकेदार न्हाणीघराला 'आठ दिवस' म्हणतो. मोजून बघा: तोडफोड २, नळ्या ३, नळ्यांत पाणी दाबून तपासणी १, गिलावा २, त्यावर पाणी मारणे ७, वॉटरप्रूफिंगचे दोन हात आणि सुकणे ३, पाणी भरून ठेवणे २, टाइल ५, सांधे भरून वाळू देणे २. झाले २७. आठ दिवसांत करणारा यातले पाणी मारणे आणि पाणी भरून ठेवणे गाळतो. त्याची फळे पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर दिसतात.

तपासणी टाइल लावायच्या आधी. सगळ्या तोंडांना बूच लावून ५-६ बारचा दाब द्या, काटा रात्रभर खाली येता कामा नये. सीपीव्हीसीच्या (प्लॅस्टिकच्या) नळ्यांना डिंक लावून तासाभरात दाब देऊ नका, पूर्ण दिवस जाऊ द्या. प्रत्येक शाखेला वेगळा व्हॉल्व्ह ठेवा. मग एका जागी काम निघाले की अख्ख्या घराचे पाणी बंद करावे लागत नाही.

आणि एक भांडण हमखास होते: कामगार घमेली आणि थाप्या न्हाणीतच धुतात. सिमेंटचे पाणी नळीत बसले की दगड. बाहेर एक जुने पिंप ठेवा, त्यात धुवा, वरचे पाणी झाडांपासून दूर ओता, खालचा गाळ सुकवून भरावात.

साखळीची_सून
पाण्याचा हिशेब कोणी केला नाही. माणशी १३५ लिटर धरले तर पाच माणसांचे रोजचे पावणेसातशे. गिलाव्यावर मारायचे पाणी त्याहून वेगळे. टाकी एकच असेल तर दुपारी तीनला घर कोरडे. कामासाठी वेगळी ५०० लिटरची टाकी जमिनीवर ठेवा आणि ती विहिरीवर चालवा. पण एप्रिलात विहीर तळाला जाते, हे धरून गिलावा मार्च संपायच्या आत आटपा.

खाडीकाठच्या गावांत विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. ते गिलाव्याला आणि सळईच्या काँक्रीटला वापरू नका. सळई गंजते. तिथे नळाचेच पाणी.

ओल_आणि_चुना
विहिरीवरून आठवले, वाळवी. फरशी उखडलेली असतानाच औषध मारून घ्यायचे असते. भिंत आणि जमीन मिळते त्या रेषेत ३० सेंटीमीटरवर भोके पाडून. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर लिटरला २.१ मिलिलिटर. पण विहिरीकडच्या भिंतीला हे करायच्या आधी थांबा. आपल्या जांभ्यात भेगा असतात, औषध कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. त्या बाजूला जमिनीत औषध सोडू नका, लाकडालाच उपचार करा. ज्या खोलीत मारले तिथे त्या रात्री कोणी झोपायचे नाही.

रंधा
लाकूडकामाचे थोडक्यात. मार्चमध्ये दार घट्ट बसवले की जूनमध्ये उघडत नाही. चौकट आणि दार यांत ३-४ मिलिमीटर सोडा, आणि दाराची वरची-खालची कडही रंगवा. तिथूनच ओल पिते. पॉलिश पावसात नको. दमट हवेत लॅकर पांढरा धुरकट पडतो. जुने सागाचे किंवा फणसाचे वासे टोकांना कुजलेले असले तरी मधले बहुतेक शाबूत असतात. कुजके टोक कापून नवे लाकूड तिरक्या सांध्याने जोडता येते. अख्खा वासा बदलायला सांगणारा सुतार आपला वेळ वाचवत असतो.

माड_आणि_मी
स्वयंपाकघराचे काय? महिनाभर बाहेरचे खाणे पाच माणसांना परवडत नाही.

चिरेबंदी
पडवीत हलवा, वाऱ्याच्या विरुद्ध कोपऱ्यात. सिलिंडर सपाट जमिनीवर. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून शेजारी खणलेला चर किंवा उघडे गटार नको. रबरी नळी दीड मीटरच्या आत आणि मध्ये सांधा नाही. इंडक्शन वापरणार असाल तर तो २,००० वॉटचा असतो, त्याला १६ अँपिअरचा प्लग राहत्या शाखेवर. भांडी धुवायची जागा परसात, विहिरीपासून लांब. पिठे-मसाले झाकणाच्या डब्यांत. चिऱ्याची तांबडी पूड पोह्यांत मिसळली की कळतही नाही.

कौलारू_४०३
उतरवलेली कौले आणि चिरे दाराजवळ रचू नका. दोन आठवड्यांत त्यात विंचू आणि साप घर करतात. तीन-चार मीटर लांब, जमिनीपासून वर लाकडी ओंडक्यांवर, आणि उचलताना हातमोजे.

फेज_न्यूट्रल
तारखा. कोणीतरी लिहायलाच हव्यात. माझा क्रम: ऑक्टोबरच्या मध्यापासून परवान्यांचे कागद आणि परसातला संडास, नोव्हेंबर-डिसेंबर छप्पर, जानेवारीत पूर्वेकडच्या अर्ध्याचे वायरिंग-नळ-गिलावा, फेब्रुवारी-मार्च पश्चिमेकडचा अर्धा, एप्रिल फरशी आणि रंग. मे रिकामा ठेवा. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात धरतो हे खरे, पण २०२१ मध्ये तौक्ते वादळ मेच्या मध्यालाच किनाऱ्याजवळून गेले होते. मेमध्ये छप्पर उघडे असलेले घर म्हणजे जुगार.

ओल_आणि_चुना
फरशी एप्रिलमध्ये आणि राहणे आत, हे मला पटत नाही. सिमेंटच्या थरावर बसवलेल्या नव्या फरशीवर निदान तीन दिवस चालायला नको. गिलाव्यानंतर रंगाला २८ दिवस. माझ्या मते फरशीच्या दहा-बारा दिवसांसाठी घरातल्यांनी सरळ नातेवाइकांकडे जावे. ऐंशीच्या माणसाला फळीवरून चालवणे म्हणजे खुबा मोडायला निमंत्रण.

चिरेबंदी
हे मान्य. पूर्ण वेळ आत राहायचा हट्ट नको. छपराचे पहिले तीन दिवस आणि फरशीचे दहा-बारा, एवढे बाहेर. बाकी आत.

कागदांचे: पंचायत हद्दीत बांधकामाचा परवाना गोवा पंचायत राज कायदा १९९४ च्या कलम ६६ खाली येतो. नुसती कौले बदलणे आणि भिंत हलवणे यांत फरक आहे, सचिवाला आराखडा दाखवूनच सुरू करा. घर सामाईक असेल तर सहमालकांचे ना हरकत पत्र आधी. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते, त्यामुळे भावाची सही आली तरी वहिनीची राहिलेली असते. मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे) घर असेल तर १९७५ चा कायदा पाहणाऱ्या वकिलाला विचारा. समुद्र-खाडीजवळ किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी लागू शकते, आणि ती पंधरा दिवसांत येत नाही.

साखळीची_सून
छताला पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) करणाऱ्यांसाठी. माटोळीचे, म्हणजे चवथीला देवावर टांगायच्या फळाफुलांच्या लाकडी चौकटीचे, हूक आधी ठरवा. छत झाल्यावर देवाच्या खोलीत ड्रिल घेऊन तुळई शोधत बसावे लागते. सोललेले नसलेले वीस नारळच तीस किलो होतात. वर सुपारीचे घोस, चिबूड, तोरिंजन, शिवाय चौकटीचे स्वतःचे वजन.

रंधा
१२ मिलिमीटरचा डोळ्याचा (टोकाला कडी असलेला) बोल्ट तुळईतून आरपार, वर रुंद वायसर आणि दोन नट. चार ठिकाणी. नुसता आट्याचा हूक लाकडात फिरवून बसवू नका, जुने सागवान वरून टणक आणि आतून वाळवीने पोकळ असू शकते. बोल्टाची दांडी पीओपीच्या खाली दोन इंच राहील एवढी लांब घ्या, आणि पीओपीवाल्याला तिथे दांडीपेक्षा मोठे भोक सोडायला सांगा, म्हणजे चौकट हलली तरी छताला तडा जात नाही.